ताडोबा बंद असतो तेव्हा श्रीलंका: नागपूरकरांसाठी लक्झरी सफारीचं पूर्ण प्लॅनिंग

जुलै लागला की नागपुरातल्या जंगलवेड्या लोकांची पंचाईत होते. ताडोबाचा कोअर, म्हणजे आतला मुख्य भाग, १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद, पेंचचंही तेच, बाहेरच्या बफर पट्ट्याचे काही गेट चालू असतात पण पावसात गवत एवढं वाढलेलं असतं की वाघ दहा फुटावर बसला असला तरी दिसणार नाही. मग लोक जुने फोटो ग्रुपवर टाकत बसतात. आणि नेमक्या त्याच दिवसांत श्रीलंकेच्या मध्यभागात कोरडा सीझन चालू असतो, तलाव आटत असतात आणि त्यांच्या काठावर शेकड्याने हत्ती जमत असतात. हे आपल्याकडे अजून फार लोकांना माहीत नाही, श्रीलंका म्हटलं की रामायण टूर नाहीतर कोलंबो-कँडी-बेंटोटाचं पॅकेज एवढंच डोक्यात येतं. तर ज्यांना वर्षातून एकदा नीट पैसे खर्च करून, आरामात, पण जंगलासाठीच जायचं आहे त्यांच्यासाठी हे सगळं एका जागी लिहून ठेवतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट क्लिअर करा भाऊ. तिथे वाघ नाही, सिंहही नाही. तिथला राजा बिबट्या आहे, आणि तोही वेगळ्या उपजातीचा, फक्त त्याच बेटावर सापडणारा. आपल्याकडे बिबट्या वाघाला घाबरून असतो, लपून राहतो, ताडोबात दिसला तर दोन सेकंद रस्ता ओलांडताना दिसतो. तिथे त्याच्या डोक्यावर कोणी मोठा नाही म्हणून तो भर दिवसा दगडावर पसरून असतो, झाडावर आरामात पाय लोंबकळत सोडून झोपतो. ज्याने आपल्या विदर्भात बिबट्याची नुसती शेपटी पाहिली आहे त्याला याची किंमत कळेल. बाकी हत्ती, अस्वल, मगर, रानम्हशी, पक्षी तर विचारूच नका. पण जो 'वाघ नाही तर काय मजा' म्हणून राहिला असेल त्याला सोबत नेऊ नका, पूर्ण ट्रिपभर तोंड वाकडं करून बसेल.

आधी महिना ठरवा, हॉटेल नंतर

बहुतेक लोक उलटं करतात. इन्स्टाग्रामवर एक तंबू आवडला, तो बुक केला, मग कळलं की त्या महिन्यात तिथे पाऊस आहे नाहीतर पार्कच बंद आहे. श्रीलंका आपल्या महाराष्ट्राच्या पाव हिश्श्याहूनही लहान, साधारण ६५ हजार चौरस किलोमीटर, पण पाऊस दोन बाजूंनी दोन वेळा येतो. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मान्सून, तो कोलंबो, गॉल, सिंहराजा आणि डोंगराच्या पश्चिम उतारावर पडतो. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्य मान्सून, तो पूर्व आणि उत्तरेला. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कुठेही, कधीही, बहुतेक दुपारी. म्हणजे आपली दिवाळीची सुट्टी सफारीसाठी सगळ्यात कमजोर वेळ आहे, हे लिहून ठेवा. दिवाळीतच जायचं असेल तर उदावलवे हे एवढं एक पार्क भरवशाचं, बाकी नशीब.

आपल्याकडच्या सुट्ट्यांच्या हिशोबाने बघितलं तर असं आहे. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे मे-जून आपल्याला मोकळा असतो आणि तिकडे 'विल्पट्टू' आणि 'याला' ही दोन्ही पार्क चांगली. जूनच्या आसपास यालात पालूची फळं पिकतात, पालू म्हणजे आपली खिरणी, आणि ती खायला अस्वलं झाडावर चढतात, तेव्हा अस्वल दिसण्याचे चान्सेस वर्षातले सर्वात चांगले. जुलै ते सप्टेंबर म्हणजे हत्तींचा मेळा, ज्याला तिकडे 'द गॅदरिंग' म्हणतात. ऑगस्टचा १५ तारखेचा लाँग वीकेंड आणि पुढेमागे चार-पाच सुट्ट्या टाकल्या की हे जमतं. फेब्रुवारी ते एप्रिल दक्षिणेची बाजू उत्तम, याला, उदावलवे आणि समुद्रात निळा देवमासा. फक्त एप्रिलच्या १३-१४ ला त्यांचं नवीन वर्ष असतं, तेव्हा ड्रायव्हर गावाला गेलेले असतात आणि पार्कांत लोकल गर्दी तुफान, तो आठवडा टाळा.

अजून एक, यालाचा ब्लॉक १, म्हणजे पर्यटक जातात तो भाग, दुष्काळामुळे बऱ्याच वर्षी सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद ठेवतात. सप्टेंबरमध्ये जायचं ठरलं असेल तर पैसे भरायच्या आधी लॉजला सरळ विचारा, गोलगोल उत्तर आलं तर विल्पट्टूकडे वळा.

कोणतं पार्क कोणासाठी

याला सगळ्यात फेमस. एकूण ९७९ चौरस किलोमीटर, पण पर्यटक सगळे ब्लॉक १ मध्येच कोंबलेले, तो जेमतेम १४१ चौरस किलोमीटर. ताडोबाचा कोअर सव्वासहाशे आहे, त्यावरून अंदाज घ्या. बिबट्यांची दाटी जगातल्या सर्वाधिक ठिकाणांपैकी एक, आणि जीपची दाटी पण तशीच. बिबट्या दिसला की ड्रायव्हर एकमेकांना फोन करतात आणि पाच मिनिटात बर्डीच्या चौकात सणाच्या संध्याकाळी होते तशी अवस्था होते. तरी यालाला जावंच, फक्त कसं जायचं ते खाली लिहितो.

विल्पट्टू माझ्या मते खरं जंगल. उत्तर-पश्चिमेला, श्रीलंकेतलं सर्वात मोठं राष्ट्रीय उद्यान, तेराशे चौरस किलोमीटरच्या वर. आत विल्लू नावाचे उथळ नैसर्गिक तलाव आहेत, पावसाच्या पाण्याने भरणारे, भोवती पांढरी वाळू आणि मग दाट झाडी. यादवी युद्धामुळे १९८८ पासून २००३ पर्यंत हे पार्क बंदच होतं, त्यामुळे अजूनही गर्दी कमी. बिबट्या इथे यालापेक्षा जास्त वेळ मागतो, पण दिसला तर तुमच्यासोबत एखादीच जीप असते, कधी तीही नसते. पाण्याकाठी कुंबुकची मोठमोठी झाडं दिसतील, ते म्हणजे आपला अर्जुन, नदीकाठचा. ज्यांनी नागझिऱ्यात शांत बसून जंगल ऐकलंय त्यांनी विल्पट्टूला जास्त रात्री द्याव्या.

मिन्नेरिया हत्तींसाठी. तिसऱ्या शतकात महासेन राजाने बांधलेला तलाव आहे, पाणी उतरलं की काठावर कोवळं गवत उगवतं आणि आजूबाजूच्या जंगलातले कळप तिथे येतात, चांगल्या वर्षी दोन-तीनशे हत्ती एका नजरेत. पण अलीकडे वरच्या धरणाचं पाणी सोडल्यामुळे कधी कधी ऐन सीझनमध्ये तलाव भरलेला राहतो, गवत पाण्याखाली जातं आणि हत्ती शेजारच्या कौडुल्लाला किंवा हुरुलु इको पार्कला सरकतात. म्हणून तिकीट आधीपासून मिन्नेरियाचंच काढून ठेवू नका, त्या दिवशी दुपारी लोकल ड्रायव्हर सांगेल तिकडे जा. ही सफारी दुपारी साडेतीनच्या आसपासच करायची, सकाळी तिथे काही नसतं. आणि सुळेवाल्या हत्तीची वाट पाहत बसू नका, तिथल्या नरांत सुळे फारच थोड्यांना असतात.

उदावलवे मोकळं गवताळ पार्क, हत्ती बाराही महिने, मुलं आणि म्हातारी माणसं सोबत असतील तर हमखास. शेजारीच एलिफंट ट्रान्झिट होम आहे, १९९५ पासून चालू, आईपासून तुटलेली पिल्लं वाढवून परत जंगलात सोडतात, आपण फक्त लांबून दूध पाजताना बघायचं, हात लावायचा नाही. मिन्नेरियाजवळच्या हबरणाकडे हत्तीवर बसवून फिरवण्याचे बोर्ड दिसतील, तिथे पैसे देऊ नका.

गल ओया पूर्वेला, तिथे बोटीतून सफारी होते आणि हत्ती एका बेटावरून दुसऱ्या बेटावर पोहत जाताना दिसू शकतात. मार्च ते जुलै चांगलं. रस्ता लांब पडतो, ज्यांच्याकडे दहा दिवस आहेत त्यांनीच विचार करा. सिंहराजा पावसाचं जंगल, पक्षीवाल्यांसाठी, जळवांचे मोजे घालून.

रात्री कशा वाटायच्या

नकाशावर बेट छोटं दिसतं म्हणून लोक पाच दिवसात पाच पार्क लावतात आणि सगळी ट्रिप गाडीतच जाते. रस्ते चांगले आहेत पण दोन लेनचे, गावागावातून जाणारे, समृद्धीच्या स्पीडचा हिशोब तिथे लावू नका. एका पार्कला कमीत कमी दोन पूर्ण रात्री, बिबट्याच्या पार्कला तीन, फक्त उदावलवेला एक चालते.

जुलै-ऑगस्टसाठी मी असं सुचवीन: पहिली रात्र निगोंबोला, एअरपोर्टच्या जवळ, कारण नागपूरहून पोचेपर्यंत जीव गेलेला असतो. दुसऱ्या दिवशी तीन-चार तासात विल्पट्टू, तिथे तीन रात्री. मग अनुराधापुरावरून हबरणा-सिगिरिया, अडीच-तीन तास, दोन रात्री, एक दुपार हत्तींना आणि एक पहाट सिगिरियाचा खडक चढायला. मग लांबचा प्रवास, सहा तास धरा, यालाला तीन रात्री. परत येताना दक्षिणेचा एक्सप्रेसवे आता हंबनटोटाकडून थेट आहे, त्यामुळे साडेचार-पाच तासात एअरपोर्ट. दिवस कमी असतील तर याला कापा, विल्पट्टू कापू नका. यावर बरेच लोक माझ्याशी भांडतील, भांडू द्या.

फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर याला तीन, उदावलवे एक, मिरिस्सा दोन. मिरिस्साला खोल समुद्र किनाऱ्याच्या फार जवळ येतो म्हणून निळे देवमासे तिथे साधारण डिसेंबर ते एप्रिल दिसतात, जगातला सर्वात मोठा प्राणी आणि आपण सकाळी सहा-साडेसहाला बोटीत बसून नाश्त्याच्या वेळेत बघतो. मे ते ऑक्टोबर हाच खेळ त्रिंकोमालीकडे. शेअरिंगची मोठी बोट टाळा, छोटी बोट घ्या जी मागे लागत नाही, अंतर ठेवते. आणि आदल्या रात्री अवोमिन घ्या, आपण नागपूरचे लोक, समुद्राची सवय कोणाला आहे.

राहायचं कुठे, आणि पैसे नेमके कशावर

लक्झरीचे तीन प्रकार आहेत तिथे. एक, आर्किटेक्चरवाले रिसॉर्ट, जसं यालाजवळचं वाइल्ड कोस्ट टेंटेड लॉज, किड्याच्या कोशासारखे तंबू आणि समोर समुद्र, किंवा चेना हट्स, प्रत्येक झोपडीला स्वतःचा छोटा पूल. दोन, फिरत्या तंबूंचे कॅम्प, लेपर्ड ट्रेल्ससारखे, तंबू कमी, पण जेवण, नॅचरलिस्ट म्हणजे जंगलाचा जाणकार गाइड, जीप सगळं त्यांचं. तीन, सिगिरियाजवळचं जेटविंग विल उयना टाइप, जिथे हॉटेलच्याच आवारात रात्री लाजवंती बघायला घेऊन जातात, तो मोठ्या डोळ्यांचा छोटासा निशाचर प्राणी.

दर सीझनप्रमाणे खूप वरखाली होतात, पण दोघांच्या तंबूला रात्रीचे तीस-चाळीस हजार रुपयांपासून लाखापर्यंत धरून चला. आता इथेच नीट बघायचं. काही ठिकाणी या आकड्यात जेवण, दोन सफारी, पार्क तिकीट सगळं असतं, काही ठिकाणी फक्त नाश्ता. साठ हजारवाला ऑल-इन्क्लुझिव्ह कॅम्प चाळीस हजारवाल्या रिसॉर्टपेक्षा शेवटी स्वस्त पडतो असं सर्रास होतं. परदेशी माणसाचं तिकीट, सर्व्हिस चार्ज, गाडीचा चार्ज, वरून टॅक्स, हे जोडून यालाची एक सफारी चांगलीच महाग जाते.

माझं म्हणणं असं की पूल आणि बाथटबवर पैसे घालू नका, तुम्ही पहाटे साडेचारला उठणार आणि संध्याकाळी साडेसहाला धुळीने माखून येणार, पूलमध्ये बसणार कधी? तेच पैसे प्रायव्हेट जीप, चांगला नॅचरलिस्ट आणि एक जास्तीची रात्र यावर टाका. ज्याला खोलीच एन्जॉय करायची आहे त्याने रामदासपेठेत एखादं फाइव्ह स्टार घ्यावं, विमानाचं भाडं वाचेल.

हो, एक गंमत. पार्काच्या आत मुक्काम हवा असेल तर वन्यजीव विभागाचे बंगले आहेत, साधे, रेशन आपलं न्यायचं, स्वयंपाकी मिळतो. लक्झरी बिलकुल नाही, पण गेट बंद झाल्यावर पूर्ण जंगल तुमचं.

जीपबद्दल काय विचारायचं

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे आणि लोक इथेच ढिले पडतात. आपल्याकडे जिप्सी, गाइड, गेट, सगळं ऑनलाइन सिस्टिमने ठरलेलं असतं, कोणताही गाइड आला तरी चालून जातं. तिथे जीप प्रायव्हेट, ड्रायव्हरच गाइड, आणि सरकारी ट्रॅकर दरवेळी मिळेलच असं नाही. त्यामुळे पूर्ण सफारी त्या एका माणसावर अवलंबून. ईमेलवर आधीच विचारून घ्या की जीप फक्त आमचीच ना, एका गाडीत किती लोक बसवता, तिन्ही दिवस एकच नॅचरलिस्ट राहील ना, ड्रायव्हर वेगळा आणि नॅचरलिस्ट वेगळा का, पूर्ण दिवसाची परवानगी घेता येईल का, आणि गेट कोणतं वापरता. शेवटच्या प्रश्नाचं कारण असं की यालाच्या मुख्य पलाटुपाना गेटवर पहाटे रांग लागते, कटगमुवा गेटकडून गर्दी कमी. ज्या कॅम्पने यावर सविस्तर उत्तर दिलं तो चांगला, ज्याने 'डोंट वरी सर' लिहून ब्रोशर पाठवलं तो सोडा.

पूर्ण दिवसाची सफारी घ्याच, निदान एक. अर्ध्या दिवसवाल्या सकाळच्या जीप दहा-साडेदहाला बाहेर निघतात आणि दुपारच्या जीप उशिराच आत येतात, मधल्या वेळात जंगल अचानक मोकळं होतं. यालात दुपारचा डबा पटनंगला बीचवर खातात, गाडीतून उतरायला परवानगी असलेल्या मोजक्या जागांपैकी एक, तिथे २००४ च्या त्सुनामीचं स्मारक आहे. उन्हाचं टेन्शन नागपूरच्या माणसाने घेऊ नये, पारा आपल्या मेच्या जवळपासही जात नाही, फक्त दमटपणामुळे घाम खूप येतो.

आणि पहिल्याच दिवशी नॅचरलिस्टला शांतपणे सांगून टाका की फोन आला की पळायचं नाही, आम्हाला बिबट्याची लिस्ट टिक करायची नाही, पाण्यावर एक तास बसलो तरी चालेल. हे ऐकून चांगल्या नॅचरलिस्टचा चेहरा खुलतो. तो मग चितळाचे धोक्याचे कॉल ऐकायला लागतो, तेच कॉल जे आपल्याला मोहर्लीत पाठ आहेत, आणि तुम्ही दोघं मिळून जंगल वाचायला लागता.

फ्लाइट, व्हिसा, पैसा

नागपूरहून कोलंबोला डायरेक्ट काही नाही. मुंबई, चेन्नई, बंगळुरू किंवा हैदराबादवरून जायचं. चेन्नई-कोलंबो जेमतेम सव्वा-दीड तास, मुंबईहून अडीच तासांच्या आसपास. दोन्ही फ्लाइट एकाच तिकिटावर असू द्या, वेगवेगळ्या काढल्या आणि सोनेगावहून विमान लेट झालं तर पुढचं तिकीट बुडालं, सामान परत घेऊन परत चेक-इन ते वेगळं. वेगळंच काढावं लागलं तर मध्ये एक रात्र ठेवा.

व्हिसा म्हणजे ईटीए, ऑनलाइन होतो. भारतीयांसाठी फीचे नियम त्यांनी मागच्या काही वर्षांत बऱ्याचदा बदलले आहेत, म्हणून निघायच्या महिनाभर आधी त्यांच्या सरकारी साइटवरच बघा, मिळत्याजुळत्या नावाच्या एजंट साइट उगाच पैसे कापतात. पासपोर्टला सहा महिने बाकी हवेत. घड्याळ बदलायचं नाही, वेळ आपलीच, गाड्याही डावीकडूनच.

आपल्या एका रुपयाला त्यांचे साधारण तीन-साडेतीन रुपये मिळतात. यूपीआय फेब्रुवारी २०२४ पासून तिथे सुरू झालंय, मोठ्या दुकानांत चालतं, पण जंगलाच्या गावात कॅश ठेवा, टिपसाठी तर नक्कीच. इकडच्या एजंटकडून पॅकेज घेतलं तर त्यावर टीसीएस नावाचा टॅक्स कापतात, इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये तो मिळतो, फक्त पावती सांभाळा. आणि बुकिंग झालं की लगेच ट्रॅव्हल इन्शुरन्स काढा, कारण असे कॅम्प कॅन्सल केल्यावर पूर्ण पैसे क्वचितच देतात.

बॅगेत काय, ताटात काय

कपडे मातकट-हिरवे, पूर्ण बाह्यांचे. मलेरिया तिथे नाही, २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तसं जाहीर केलंय, पण डेंग्यू आहे, ओडोमॉस न्या. दुर्बीण घरात प्रत्येकाला एक, हे कॅमेऱ्याआधी. लेन्स १००-४०० पुरते, जीप उंच असते म्हणून लेन्स टेकवायला बीनबॅग कामाची. सॉकेट कुठे आपल्यासारखं तर कुठे इंग्रजी चौकोनी, अडॅप्टर ठेवा. ड्रोन घरीच ठेवा.

शाकाहारी लोकांनी एक लक्षात ठेवा, तिथल्या नारळाच्या सांबोलात आणि भाज्यांत पण वाळवलेल्या माशाचा चुरा घालतात, उंबलकड म्हणतात त्याला. 'व्हेज' म्हटलं तरी तो येऊ शकतो, म्हणून 'मासा अजिबात नाही, चुरा पण नाही' असं बुकिंग करतानाच लिहून द्या. चांगले कॅम्प मग फणसाची, मसुराची, बिटाची इतकी सुंदर कढी-भाजी करतात की सावजीवाला पण गप्प बसेल. यालाकडे जाताना रस्त्यावर मातीच्या मडक्यात म्हशीचं दही आणि वर कितुल माडाची काकवी, ते सोडू नका बाप्पा.

पौर्णिमेला तिथे पोया, सार्वजनिक सुट्टी. त्या दिवशी दारू मिळत नाही, हॉटेलातही नाही, आणि पार्कांत लोकल फॅमिल्यांची गर्दी असते. कॅलेंडर बघून तो दिवस प्रवासाचा ठेवा, सफारीचा नको. सिगिरियाला सार्क देशांच्या लोकांना तिकिटात सवलत असते, पासपोर्ट खिशात असू द्या. बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी काढू नका, तिथे ते खरंच मनाला लागतं लोकांच्या.

बुकिंगचा क्रम शेवटी सांगतो. ऑगस्टसाठी जायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत कॅम्पच्या तारखा धरा, कारण त्याच महिन्यात युरोपातल्या लोकांची सुट्टी असते आणि चांगले तंबू मोजकेच असतात. कॅम्प पक्का झाला की फ्लाइट, मग ड्रायव्हरसकट गाडी, ती पूर्ण ट्रिपसाठी एकच ठेवा, मग व्हिसा. मिन्नेरियाच्या सफारीचं काहीच आधी बुक करू नका. आणि ताडोबाचं ऑक्टोबरचं बुकिंग उघडेल त्या दिवशी तुम्ही विल्पट्टूत बिननेटवर्कचे बसलेले असाल तर घरी कोणाला तरी लॉगिन देऊन ठेवा.